पुणेहून साताराला : बहुभाषिक वेब ॲप्लिकेशनच्या प्रश्नाचा आढावा

स्वारगेटच्या स्थानकावर गाडीच्या दाराशी उभा राहून हाकारे घालणारा वाहक, मग त्याचे शालेय शिक्षण कितीही झालेले असो, "पुण्याहून साताऱ्याला" असेच म्हणेल. "पुणेहून साताराला" हे शब्द त्याच्या तोंडून झोपेतही निघणार नाहीत. परंतु त्याच मार्गाचे तिकीट कोणी घरी बसून संगणकावर काढू लागला, आणि त्या संकेतस्थळाने आपली मराठी आवृत्ती मोठ्या अगत्याने पुढे केली, तर पडद्यावर "पुणेहून साताराला जाण्यासाठी १ गाड्या उपलब्ध" अशा थाटाचे वाक्य वाचण्याचा योग पुष्कळदा येतो. शब्द सारे मराठी, लिपी देवनागरी, आशयही समजण्याजोगा. तरीही हे आपले बोलणे नव्हे, एवढे ओळखण्यास व्याकरणाचा अभ्यास लागत नाही. याचे कारण असे की, ते वाक्य कोणा माणसाने लिहिलेलेच नसते. चार ठिकाणांहून चार तुकडे आणून यंत्राने ते ऐन वेळी सांधलेले असते.

जे वेब ॲप्लिकेशन आपले पान सर्व्हरवर तयार करून वाचकाकडे रवाना करते, त्याला एकाहून अधिक भाषांत बोलते करावयाचे तर काय काय करावे लागते, या प्रश्नाचा सांगोपांग विचार मराठीत क्वचितच झालेला आहे. या विद्येचे जाणकार तिचे दोन भाग पाडतात. प्रोग्रॅमची रचनाच अशी करावयाची की पुढे कोणतीही भाषा तिच्यात सामावता यावी, हे आंतरराष्ट्रीयीकरण. आणि त्या रचनेत एखादी विशिष्ट भाषा प्रत्यक्ष आणून बसवावयाची, हे स्थानिकीकरण. इंग्रजीतील या लांबलचक शब्दांना कंटाळून मंडळींनी आद्य व अंत्य अक्षरांमध्ये मधल्या अक्षरांची संख्या घालून 'आय-अठरा-एन' आणि 'एल-दहा-एन' अशी सुटसुटीत नावे पाडली आहेत, आणि कार्यालयांतून तीच रूढ आहेत. पहिले काम अभियंत्याचे, दुसरे अनुवादकाचे, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे, हे पुढील विवेचनातून ध्यानात येईल.

दफ्तराचा जुना शिरस्ता

एकाच राज्यकारभाराने अनेक भाषांत बोलावे, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला आणि दरबारात रुळलेल्या फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले; बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा शासकीय संज्ञांचा बहुभाषिक कोश प्रसिद्ध झाला; महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालय निघाले, त्याने १९६२ साली 'पदनाम कोश' काढला आणि १९६४ साली राजभाषेचा अधिनियमही झाला. पदनाम कोशातील संस्कृतप्रचुर संज्ञांची आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हणून यथेच्छ टवाळी केली, तरी त्यांतील कितीतरी शब्द आज आपण सहज वापरतो, हाही इतिहासच आहे.

या सर्व उद्योगांत एक गोष्ट गृहीत होती. कोश शब्द पुरवीत असे. त्या शब्दाला विभक्ती लावून, लिंगवचन सांभाळून, समोरच्या माणसाच्या मानमरातबाप्रमाणे मसुदा सिद्ध करण्यासाठी हाताशी कारकून बसलेला असे. वेब ॲप्लिकेशनच्या व्यवस्थेत कोश यंत्राच्या स्वाधीन झाला, पण कारकुनाची जागा रिकामी राहिली. बहुभाषिकतेचा प्रश्न आज जो बिकट वाटतो, तो मुख्यतः या रिकाम्या जागेमुळे.

अक्षरांचा पाया

वाक्याकडे वळण्यापूर्वी अक्षराची व्यवस्था पाहिली पाहिजे. कारण ती बिघडली तर पुढचे सारे व्यर्थ ठरते. संगणकाला आकड्यांपलीकडे काही कळत नाही; कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, याचा करार सर्वांनी पाळला तरच मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सुखरूप पोहोचतो. भारतीय लिपींसाठी असा करार 'इस्की' या नावाने झाला आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने त्याला मानकाचा दर्जा दिला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीला १२८ स्थानांचा एक सलग पट्टा मिळाला. तथापि मराठी छापखान्यांत व कार्यालयांत त्यानंतरही कित्येक वर्षे प्रत्येक फॉन्टचा करार निराळा होता: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत, आणि तो विशिष्ट फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसला म्हणजे अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. त्या काळातील कितीतरी दस्तऐवज आजही रूपांतराच्या प्रतीक्षेत आहेत.

युनिकोडचे आकडे प्रत्यक्ष साठविण्याची जी पद्धत आज सर्वत्र चालते, ती यूटीएफ-८, केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली योजिली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी वर्णाला तीन. 'मराठी' हाच शब्द घ्या. वाचकाच्या डोळ्यांना त्यात तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने काना व दीर्घ वेलांटी वेगळी धरून ते पाच संकेतांक होतात. आणि साठवणुकीत त्याचे पंधरा बाइट भरतात. तीन, पाच आणि पंधरा यांपैकी कोणती संख्या कोणत्या कामी धरावयाची, याचा घोळ झाला की आपत्ती ओढवते. पीएचपी या भाषेतील लांबी मोजण्याचे जुने फंक्शन पंधरा म्हणते. त्यावर विसंबून नावाच्या रकान्याला मर्यादा घातली तर इंग्रजी नावाला ऐसपैस जागा मिळते आणि मराठी नाव अर्ध्यावर छाटले जाते. छाटणी वर्णाच्या मधोमध झाली तर शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. जोडाक्षराच्या मधोमध झाली तर 'क्ष'चा पाय मोडलेला 'क्' तेवढा उरतो.

याहून परिचित दृश्य म्हणजे, साठविताना एक करार आणि वाचताना दुसरा. यूटीएफ-८ मधील प्रत्येक देवनागरी वर्णाचा पहिला बाइट एकच असतो; पश्चिम युरोपच्या जुन्या करारात त्या बाइटचा अर्थ डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' असा आहे. म्हणून असे पान बिघडले की दर दोन चिन्हांआड तोच 'ए' येत राहतो, त्याच्यामागून कधी चलनाचे सामान्य चिन्ह तर कधी जपानी येनचे चिन्ह, आणि 'मराठी' या शब्दातील शेवटच्या दीर्घ वेलांटीशी तो येन हटकून भेटतो. हे चित्र दिसले तर निराश होऊ नये. मजकूर शाबूत आहे, वाचणाऱ्याचा करार तेवढा चुकला आहे. परंतु अक्षरांच्या जागी साध्या प्रश्नचिन्हांची रांग दिसली, आणि डेटाबेसमध्येही ती तशीच आढळली, तर मूळ मजकूर नष्ट झाला असे समजून चालावे.

मायएसक्यूएल या बहुप्रचलित डेटाबेसने या गोंधळात स्वतःची भर घातली. त्यात 'यूटीएफ-८' या नावाने जी व्यवस्था होती, ती एका वर्णाला तीनच बाइट देई. देवनागरीला तेवढे पुरत, म्हणून मराठी संकेतस्थळांना काही खटकत नसे. एखाद्या वाचकाने अभिनंदनापुढे हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह टाकले की मात्र नोंद नाकारली जाई, किंवा त्या चिन्हापासून पुढचा सारा मजकूर गळून पडे. कारण त्या चिन्हास चार बाइट लागतात. आपल्या मोडी लिपीलाही चारच लागतात, कारण २०१४ साली युनिकोडमध्ये तिला जी जागा मिळाली ती वरच्या मजल्यावरची. २०१० च्या सुमारास चार बाइटांची निराळी व्यवस्था आली आणि २०१८ साली आठव्या आवृत्तीपासून ती मूळ गृहीत म्हणून लागू झाली. जुन्या सर्व्हरवर मात्र ती आठवणीने मागून घ्यावी लागते.

करार एक झाला तरी मराठीचे दोन खास पेच उरतात. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकतर नुक्त्याच्या 'ऱ'ला हलन्त करून, नाहीतर साध्या 'र'ला हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला निराळे. 'साताऱ्या' असे एका कळफलकाने लिहिणाऱ्याला दुसऱ्या कळफलकाने लिहिलेला 'साताऱ्या' शोधात सापडत नाही. तीच गोष्ट 'ॲ'ची: या अक्षराला स्वतःचे स्थान २००८ साली मिळाले, त्यापूर्वीच्या मजकुरात ते 'अ' आणि चंद्र असे जोडून लिहिलेले आढळते. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण यांतील काहीच भेद मिटवीत नाही. म्हणून मजकूर दाखल करून घेतानाच ही रूपे एकसारखी करून घेण्याचा जाबता सर्व्हरने आपल्याकडे ठेवणे इष्ट.

वाचक कोणत्या भाषेचा

वाचकाची भाषा सर्व्हरला कशी कळते, हा यापुढचा प्रश्न. ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर 'ॲक्सेप्ट-लँग्वेज' या नावाची एक ओळ पाठवितो. तीत वाचकाच्या पसंतीच्या भाषा आणि त्यांचे वजन लिहिलेले असते: प्रथम मराठी, ती नसल्यास ०.८ वजनाने हिंदी, तीही नसल्यास ०.७ वजनाने इंग्रजी. सुशील यजमानाने ही ओळ वाचावी, आपल्याजवळ काय आहे ते पाहावे आणि त्यातल्या त्यात जवळची भाषा द्यावी. परंतु ही सूचना आहे, आज्ञा नव्हे. वाचकाने पानावर स्वतः भाषा निवडली तर ती निवड वरचढ, आणि त्याच्या खात्यात ती कायम नोंदलेली असली तर अन्य ठिकाणीही तीच प्रमाण. पानाचा पत्ता, खाते, कुकी आणि शेवटी ब्राउझरची ओळ, हा उतरता क्रम बहुतेक अनुभवी मंडळींना मान्य आहे.

वाचक कोणत्या गावी आहे यावरून त्याची भाषा ठरविणे ही मात्र शुद्ध अरेरावी होय. बंगळूरला नोकरी करणारा मराठी माणूस कन्नड पानाचा धनी होत नाही. बडोदे, इंदूर, बेळगाव येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना प्रांताच्या सीमेवरून ओळखता येत नाही. भाषेसाठी देशाचा झेंडा दाखविणे हाही त्याच जातीचा प्रमाद. भाषा, देश, चलन आणि घड्याळ हे चार स्वतंत्र रकाने आहेत: शिकागोतील वाचकाला मजकूर मराठी, किंमत डॉलरमध्ये आणि वेळ शिकागोची हवी असू शकते. लिपी हा पाचवा रकाना. कोकणी देवनागरीत लिहिली जाते तशीच रोमीतही, आणि गोव्यात दोन्हींचे निष्ठावंत वाचक आहेत. भाषेच्या संकेतनामात लिपीचे चार अक्षरी चिन्ह जोडण्याची जी आंतरराष्ट्रीय सोय आहे, ती अशाच प्रसंगांसाठी.

भाषा पानाच्या पत्त्यातच असावी, या मताकडे आता बहुतेकांचा कल आहे. ती केवळ कुकीत ठेवली तर मी मराठीत वाचलेले पान मित्राला पाठविले असता त्याला ते इंग्रजीत दिसते, शोधयंत्रांना मराठी पान अस्तित्वात आहे याचाच पत्ता लागत नाही, आणि मधल्या साठ्याने, ज्याला कॅशे म्हणतात त्याने, प्रथम आलेल्या वाचकाची भाषा पुढील सर्वांच्या माथी मारण्याचा संभव राहतो. हा शेवटचा धोका टाळण्यासाठी 'हे उत्तर भाषेनुसार बदलते' असा शेरा सर्व्हरने उत्तरावर मारावयाचा असतो. तो विसरला गेला तर तपासणीत काही आढळत नाही आणि गर्दीच्या दिवशी तक्रारींचा पाऊस पडतो.

सर्व्हरवरील कामात आणखी दोन खाचखळगे आहेत. एकाच प्रक्रियेत अनेक वाचकांची कामे एका वेळी चालत असताना 'सध्याची भाषा' ही गोष्ट सर्वांसाठी सामाईक ठेवली तर एकाची भाषा दुसऱ्याच्या पानात शिरते. पीएचपीच्या माहितीपत्रकात याबद्दल स्पष्ट इशारा दिलेला आहे. दुसरे असे की, रात्री आपोआप निघणारी पत्रे व स्मरणपत्रे कोणत्याही वाचकाच्या मागणीवाचून तयार होत असल्यामुळे तेथे ब्राउझरची ओळ उपलब्धच नसते. वाचकाची भाषा त्याच्या खात्यात लिहून ठेवलेली नसेल तर दिवसा मराठीत बोलणारे कार्यालय रात्री इंग्रजीत पत्र धाडते.

वाक्यांचे भांडार

आता मूळ मुद्द्याकडे. प्रोग्रॅममध्ये जागोजाग विखुरलेली वाक्ये उचलून एका स्वतंत्र भांडारात ठेवावयाची आणि प्रोग्रॅमने तेथून वाचकाच्या भाषेतील प्रत मागून घ्यावयाची, हे या विद्येचे सर्वमान्य सूत्र होय. त्याच्या दोन परंपरा आहेत. 'गेटटेक्स्ट' या परंपरेत, जिचा ग्नू आविष्कार १९९५ पासून प्रचारात आहे, मूळ इंग्रजी वाक्य हीच किल्ली. जँगोसारख्या चौकटींनी तीच उचलली. जावा, स्प्रिंग, रेल्स यांच्या परंपरेत प्रत्येक वाक्याला एक कृत्रिम नाव असते आणि इंग्रजीही इतर भाषांप्रमाणेच एक अनुवाद समजली जाते. पहिल्या पद्धतीत प्रोग्रॅम वाचावयास सुबोध राहतो, पण इंग्रजी वाक्यातले एक विरामचिन्ह बदलले तरी सर्व भाषांतील अनुवाद फेरतपासणीला येतात. दुसरीत तो त्रास नाही, परंतु अनुवाद राहून गेला तर वाचकापुढे 'बुकिंग डॉट यशस्वी डॉट शीर्षक' असले दफ्तरी नाव उघडे पडते. जावाच्या भांडारांना नवव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, पश्चिम युरोपीय करार गृहीत असल्यामुळे 'मराठी' हा एक शब्द तीस रोमन चिन्हांच्या सांकेतिक रूपात लिहावा लागे, आणि अनुवादकाने स्वतःचे लेखन स्वतः तपासावे ही शक्यताच तेथे संपत असे.

भांडार झाले तरी अनुवादकापुढे जे येते ते संदर्भावाचून. 'ओपन' हा शब्द बटणावर असेल तर 'उघडा', दुकानाच्या वेळेपुढे असेल तर 'चालू'. 'होम'चे भाषांतर 'घर' करणारा अनुवादक मूर्ख नसतो, त्याला पान दाखविलेले नसते. या बाबतीत विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीची व्यवस्था अनुकरणीय आहे. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्याच्या पडद्यावरील संदेशांचे अनुवाद जगभरचे स्वयंसेवक ट्रान्सलेटविकीवर करतात, आणि तेथे 'क्यूक्यूक्यू' या संकेतनामाची एक काल्पनिक भाषा ठेवलेली आहे. तिच्यात कोणी बोलत नाही. प्रत्येक संदेश कोठे दिसतो, त्यातील रिकाम्या जागी काय येते, हा खुलासा तेवढा त्या 'भाषेत' लिहिलेला असतो. इतकी साधी युक्ती इतरत्र क्वचितच आढळते.

वचनाचा प्रश्न इंग्रजी प्रोग्रॅमरला सोपा वाटतो, कारण त्याच्या भाषेत एक आणि अनेक एवढेच भेद आहेत. जपानीला तेवढेही लागत नाहीत. रशियनमध्ये एकवीसचे रूप एकासारखे होते. अरबीला सहा रूपे पुरवावी लागतात. मराठीत 'एक तिकीट, पाच तिकिटे' हा भेद आहे, 'एक प्रवासी, पाच प्रवासी' येथे नाही, आणि 'एक जागा शिल्लक आहे, पाच जागा शिल्लक आहेत' यात तो नामावरून सरकून क्रियापदावर गेला आहे. म्हणून 'जागा' या शब्दाची दोन रूपे मागण्यात अर्थ नाही. वाक्यच्या वाक्य दोन रूपांत मागितले पाहिजे. भाषाभाषांचे असे नियम युनिकोडच्या सीएलडीआर या भांडारात एकत्र केलेले असून, क्रमवाचकांच्या बाबतीत तेथे मराठीची नोंद वाचण्यासारखी आहे: एकाला 'ला', दोन व तीन यांना 'रा', चाराला 'था' आणि बाकी सर्वांना 'वा', अशी चार रूपे. हिंदीला याच ठिकाणी सहाव्यासाठी आणखी एक रूप लागते. आपला 'सहावा' निमूटपणे 'पाचव्या'च्या पंक्तीत बसतो.

लिंगाचे तसेच. 'अमुक सभासद झाला' या वाक्यातील सभासद स्त्री असेल तर 'झाली'. इंग्रजीत हा भेद क्रियापदावर दिसतच नसल्याने मूळ प्रोग्रॅममध्ये त्याला जागा ठेवलेली नसते. मीडियाविकीत वचन, लिंग आणि विभक्ती यांसाठी संदेशाच्या पोटातच खुणा लिहिता येतात, म्हणजे निर्णय अनुवादकाच्या हाती राहतो. जेथे ही सोय नाही तेथे 'सभासदत्व नोंदविले गेले' अशी भावे किंवा कर्मणी वाटेने सुटका करून घ्यावी लागते, आणि सारे संकेतस्थळ हळूहळू शासकीय परिपत्रकासारखे बोलू लागते. वाचकाला 'तू' म्हणावे, 'तुम्ही' की 'आपण', हाही निर्णय एकदाच करून सर्व अनुवादकांना कळवावयास हवा. नाहीतर एकाच पानावर वर 'आपले स्वागत' आणि खाली 'पासवर्ड टाक' असा प्रकार होतो.

आणि आता 'पुणेहून साताराला'. मराठी नामाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो आणि पुढे आयुष्यभर नकळत पाळतो. पुणे, पुण्याहून; सातारा, साताऱ्याला; ठाणे, ठाण्यात; सांगली मात्र सांगलीच. कोल्हापूर तर याहून खोडकर: 'कोल्हापूरहून', 'कोल्हापूरला' असे आपण म्हणतो, पण आत शिरताच 'कोल्हापुरात' म्हणून उकार ऱ्हस्व करतो. रिकामी जागा, पुढे 'हून'; रिकामी जागा, पुढे 'ला', या इंग्रजी साच्यात यांतले काहीही बसत नाही. मार्ग दोन. पहिला, वाक्यच टाळावयाचे: 'कोठून : पुणे', 'कोठे : सातारा' असे तक्त्याचे रूप द्यावयाचे; रेल्वेच्या आरक्षणाचे जुने कागदी अर्ज आठवतात त्यांना यात काही उणे वाटणार नाही. दुसरा, गावांच्या तक्त्यात मूळ नावाशेजारी त्याची सामान्यरूपे मराठीसाठी स्वतंत्र रकान्यांत साठवावयाची आणि वाक्यात तीच वापरावयाची. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांसाठी असा तक्ता एका मराठी शिक्षकाला एका दुपारचे काम आहे. मात्र त्या रकान्यांची तरतूद डेटाबेसच्या आराखड्यात पाहिजे. आणि आराखडा ठरतो त्या दिवशी मराठी शिक्षकाला कोणी बोलावीत नाही.

अंक, क्रम आणि नावे

भाषेच्या मागोमाग तिचे रीतिरिवाज येतात. दहा लाखांची रक्कम आपण १०,००,००० अशी तोडतो, इंग्रज निराळी तोडतो. अंक देवनागरी असावेत की आंतरराष्ट्रीय, यावर मतभेद असतील, पण एकाच पानावर दोन्ही नसावेत याबद्दल दुमत नसावे. दिनांक व संख्या हाताने जुळवून लिहू नयेत, सीएलडीआरवर आधारलेल्या तयार साधनांकडून लिहवून घ्याव्यात, आणि डेटाबेसमध्ये मात्र त्या सदैव भाषातटस्थ रूपात ठेवाव्यात, हा नियम निरपवाद समजावा.

नावांची यादी लावतानाही यंत्राचा क्रम आणि आपला क्रम भिन्न पडतात. युनिकोडच्या पट्ट्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसला आहे. शाळेतील वर्णमालेत तो ह नंतर येतो, आणि त्यामागून क्ष व ज्ञ. नुसत्या संकेतांकांनी लावलेल्या यादीत काळे हे कावळ्यांच्या आधी येतात, वर्णमालेप्रमाणे नंतर यावयास हवेत. आणि क्षीरसागर हे कोल्ह्यांच्या पाठोपाठ क च्या घरात सापडतात. मतदारयादीत किंवा निकालपत्रात स्वतःचे नाव शोधणाऱ्याला हा फरक लहान नाही. डेटाबेसला भाषेचा क्रम स्पष्टपणे सांगितला तर तो पाळतो. न सांगितल्यास स्वतःचा चालवितो.

नावाचा अर्ज हा आणखी एक मासला. स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि मग आडनाव, ही आपली त्रिपदी 'फर्स्ट' व 'लास्ट' अशा दोन घरांत कोंबली जाते, आणि मधले पद कधी पहिल्याला चिकटते, कधी नाहीसे होते. अक्षरांच्या वळणाचेही असेच: मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीच्या वळणाहून निराळे असून, २००९ च्या शासननिर्णयाने तेच प्रमाण मानले आहेत. अनेक फॉन्टांत दोन्ही वळणे असतात. पान मराठीचे आहे असा भाषासंकेत सर्व्हरने त्याच्या शिरोभागी लिहिला तरच ब्राउझर आपले वळण निवडू शकतो. दोन रोमन अक्षरांचे हे काम, पण राहून जाते.

पडद्याबाहेरचा मजकूर

पान नीट झाले तरी सर्व्हर एवढ्यावर थांबत नाही. तो संदेश पाठवितो, पावत्या छापतो. मोबाइलवरील लघुसंदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीचे ७० संकेतांक. म्हणजे इंग्रजीत एका संदेशात बसणारी सूचना मराठीत दोन-तीन संदेशांचा खर्च मागते, आणि हिशेबतपासनीसाची नजर प्रथम मराठीवर पडते. यावर उपाय म्हणजे मराठी मसुदा मुळातच आटोपशीर लिहिणे. इंग्रजीचे शब्दशः भाषांतर करून तो साधत नाही.

पावत्यांची कथा याहून करुण. पीडीएफ बनविणारी कित्येक साधने अक्षरे एकापुढे एक ठेवण्यापलीकडे काही करीत नाहीत. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठविलेली असते आणि कागदावर ती आधी काढावयाची असते; ही उलथापालथ आणि जोडाक्षरांची घडण करणारे यंत्र, उदाहरणार्थ हार्फबझ, मध्ये नसेल तर 'शिक्षण' या शब्दात वेलांटी श च्या पुढे जाऊन पडते आणि क्ष दुभंगतो. एका कार्यालयाची अशी पावती माझ्या संग्रही आहे. तिच्यावर माझे नाव मी सोडून कोणालाही वाचता येणार नाही, पण खाली 'ही संगणकीय प्रत असल्याने सहीची आवश्यकता नाही' हे वाक्य त्याच मोडक्या अक्षरांत मोठ्या आत्मविश्वासाने छापलेले आहे.

काम कोणी करावे

यंत्रानुवादाने या प्रश्नाचा निकाल लागेल, अशी आशा आज पुष्कळांना वाटते. भारत सरकारचा 'भाषिणी' हा उपक्रम २०२२ पासून चालू आहे, मोठ्या भाषाप्रतिमानांची मराठीही वर्षागणिक सुधारते आहे, आणि प्रथम मसुद्यासाठी त्यांचा उपयोग न करणे हा दुराग्रह ठरेल. परंतु प्रोग्रॅमच्या पोटात जेथे तुकडेच आहेत, तेथे यंत्रालाही तुकडेच मिळणार, आणि सर्वोत्तम अनुवादकाला 'हून' या दोन अक्षरांचे काय करावे हे कळणार नाही. विलंबाने केलेली दुरुस्ती महाग पडते हे इतर बांधकामांप्रमाणे येथेही खरे आहे. शंभर पानांत पेरलेली वाक्ये मागाहून वेचून काढण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून भांडारात ठेवणे कितीतरी स्वस्त. पहिली आवृत्ती एकाच भाषेत काढावयाची असली तरीही हेच धोरण श्रेयस्कर. इंग्रजी अक्षरांवर खोट्या मात्रा चढवून आणि वाक्ये मुद्दाम लांबवून बनविलेली एक बनावट भाषा चाचणीसाठी वापरण्याची चाल जाणत्या संस्थांत आहे. जे वाक्य त्या वेषांतरातून निसटून साध्या इंग्रजीत दिसते, ते भांडाराबाहेर राहिले असे चटकन कळते.

तेव्हा अभियंत्याचे काम आधी आणि अनुवादकाचे नंतर, ही आरंभी सांगितलेली विभागणी टिकत नाही. वाक्य अखंड ठेवणे, त्यात लिंगवचनाला जागा ठेवणे, नावाशेजारी सामान्यरूपाचा रकाना देणे, हे निर्णय रचनेचे असले तरी त्यांचे ज्ञान भाषेचे आहे. कारकुनाची रिकामी जागा भरावयाची ती येथेच: मराठी जाणणारा माणूस आराखड्याच्या पहिल्या बैठकीला हजर पाहिजे, आणि पुण्याहून साताऱ्याला जाणारे एक वाक्य त्याने त्या बैठकीत फळ्यावर लिहून दाखविले पाहिजे.

वाचकाकडेही एक काम उरते. ज्या सर्व्हरवर वाचकांच्या भाषेची मोजदाद होते, तेथे ती बहुधा ब्राउझरने पाठविलेल्या त्या एका ओळीवरून होते. आणि आपल्यापैकी किती जणांच्या ब्राउझरची भाषा खरेदीच्या दिवशी होती तशीच, म्हणजे इंग्रजी, राहिलेली आहे, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासून पाहावे. अशा वाचकाची गणना घरात, बाजारात आणि मनात मराठी असूनही इंग्रजीच्या खात्यावर होते, आणि मराठीला मागणी नाही असा शेरा मारावयास कार्यालय मोकळे होते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये भाषांची यादी असते. तीत मराठी सर्वांत वर नेऊन ठेवावी. त्याला अर्धे मिनिट लागते.